मेलेलं कॅरेक्टर आणि पुढची शीट

एका नव्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे टेबलावर गोष्ट चालवणारा) विचारलं आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ चालवायला घेऊन त्याला तीन-चार महिने झालेत. गेल्या शनिवारी त्याच्या टेबलावर पहिलं कॅरेक्टर (खेळाडूचं पात्र) मेलं, चौथ्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे जादूगार. शून्य हिट पॉइंटवर (जीव मोजायचा आकडा) पडला, एक डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारा फासा) हुकला आणि लगेच घूलने पडलेल्या विझार्डाचा लचका तोडला. खेळाडू 'ठीक आहे' म्हणाला, फासे पिशवीत भरले, उरलेला सव्वा तास फोनमध्ये डोकं घालून बसला आणि सगळ्यांच्या आधी निघाला. तेव्हापासून ग्रुपवर अवाक्षर नाही. 'माझं चुकलं का? तो चिडलाय का? आता काय करू?'

नियमाने तुझं चुकलेलं नाही. बेशुद्ध पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून वार बसला की तो क्रिटिकल, म्हणजे जबर, धरतात, आणि शून्यावर असताना क्रिटिकल बसला की दोन अपयशं मोजतात. आधीचं एक होतंच. तीन झाली, विझार्ड मेला. २०१४ ची पाचवी आवृत्ती घे नाहीतर २०२४ ची सुधारित, दोन्हींत हेच आहे. आणि घूल म्हणजे मढी खाणारं भूत. समोर जेवण वाढून ठेवलेलं असताना ते चिलखत घातलेल्या पॅलाडिनच्या मागे कशाला धावेल? तेही तुझं बरोबर. चुकलं ते त्यानंतर. तो सव्वा तास फोन बघत बसला आणि तू त्याला बसू दिलंस.

तो चिडलाय का, हे मला इथून कसं सांगता येणार? तुलाही त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नसतं. मी पुण्यात २०१२ पासून टेबल चालवतेय. मेलेल्या कॅरेक्टरांच्या शीट (पात्राच्या माहितीचे कागद) एका बॉक्स फाईलमध्ये ठेवते, आज त्यात ३६ आहेत. एवढ्यांना पोचवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. मेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत खेळाडू जे करतो, ते चारचौघांत शोभेल असं वागणं असतं. कुणी हसतो, कुणी टाळ्या वाजवतो, कुणी 'चालतंय की' म्हणतो. त्याला खरोखर काय झालं, ते तो पुढच्या खेपेला जी कोरी शीट भरून आणतो तिच्यावर उमटतं.

ठकसेनचं सांगते. हाफलिंग, म्हणजे बुटक्या जातीचा, पाचव्या लेव्हलचा रोग, म्हणजे चोरटा. (हा क्लास देवनागरीत लिहिला की हटकून आजार वाटतो, त्याला इलाज नाही.) चालवणारा मुलगा तेव्हा सीएची तयारी करत होता. वर्षभर दर रविवारी यायचा, आणि ठकसेनच्या आजीपासून ते गावातल्या उधारीपर्यंत सगळं त्याच्या वहीत होतं. एका ट्रोलच्या मारामारीत पूल कोसळला. ठकसेन एकटा पलीकडे, शून्यावर, बाकी चौघं अलीकडे. क्लेरिकचा, म्हणजे जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याचा, मंत्र पोचेना. डेथ सेव्ह सुरू झाले. नियम साधा आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश, ज्याची तीन आधी होतील ते खरं. कुणी मदतीला आलं नाही तरी जगण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे आशा वाटावी इतकी आणि खात्री वाटू नये इतकी.

१४. ७. १२. ४. दोन यशं, दोन अपयशं. मध्ये बाकीच्यांच्या टर्न होत होत्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाचव्यांदा त्याने फासा जरा जोरात टाकला, तो घरंगळत भडंगाच्या ताटलीखाली गेला. कुणीतरी ओरडलं, 'तिरका पडलाय, परत टाक!' त्याने ताटली हळूच उचलली, खाली बघितलं आणि म्हणाला, 'तिरका नाहीये. नऊ आहे.' आणि हसला. छान हसला. मग त्याने सगळे फासे चार बाजूंच्यापासून वीस बाजूंच्यापर्यंत ओळीने लावले, शीटवर बघून म्हणाला, 'माझ्याकडे ४१२ गोल्ड आहेत, घ्या वाटून', आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना चहा टाकला. मी मनात म्हटलं, किती समजूतदार पोरगं आहे.

पुढच्या रविवारी तो फायटर घेऊन आला. चेन मेल, ढाल, वर डिफेन्सची फायटिंग स्टाईल, म्हणजे एसी १९ (आर्मर क्लास, जितका जास्त तितका वार लागणं अवघड). आईवडील नाहीत, भावंडं नाहीत, गावाचं नाव नाही. बॅकग्राउंडच्या चौकोनात एक शब्द: अनाथ. आणि हा लोखंडात गुंडाळलेला माणूस प्रत्येक दारापाशी काय म्हणायचा? 'मी मागे थांबतो.'

तेव्हा मला चहाचा अर्थ कळला.

आता असं का होतं? खेळात मरणं आपल्याला काही नवीन नाही. हुतूतूत गडी मरतो, रेषेबाहेर जाऊन बसतो आणि समोरचा एक मारला की जिवंत होऊन परत येतो. त्याचं कुणी सुतक धरत नाही. बुद्धिबळात घोडा मेला म्हणून कुणी रात्रभर जागं राहत नाही (राहतात, पण ते रेटिंगसाठी). कारण तिथे मरणारा आणि खेळणारा यांच्यामध्ये भरायला काही जागाच नसते. आपल्या खेळात ती जागा असते. गॅरी अॅलन फाइन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी मिनियापोलिसच्या गटांत बसून हे खेळ बघितले आणि १९८३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याची मांडणी मला अजून उपयोगी पडते. टेबलावर बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो: घरदार-नोकरी असलेला माणूस, नियम आणि फासे सांभाळणारा खेळाडू, आणि गोष्टीतलं पात्र. एका वाक्यात तिन्ही बोलून जातात. 'मी ट्रोलला भोसकतो, सतरा लागतो का, अरे ती चटणी दे.' मरण येतं ते फक्त तिसऱ्यावर. पण पहिल्या दोघांपैकी कुणाला किती लागलं, हे बाहेरून दिसत नाही.

नॉर्डिक देशांतल्या लार्पवाल्यांनी (लार्प म्हणजे वेश घालून प्रत्यक्ष वावरत खेळायचा असाच खेळ) यालाच एक शब्द रूढ केलाय, ब्लीड. पात्राचं दुःख खेळाडूत झिरपणं आणि खेळाडूचं पात्रात. शब्द चांगला आहे, पण हल्ली कुणी जरा गप्प बसलं की लगेच 'ब्लीड झालंय' म्हणण्याची फॅशन आली आहे. कधीकधी माणसाला नुसती भूक लागलेली असते.

थोडा इतिहास सांगते, कारण तो तुझ्या प्रश्नाच्या मुळाशीच आहे. या खेळाचे दोन जनक, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. १९७४ मध्ये खेळ छापला गेला, पण त्याआधीच आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांसोबत 'ब्लॅकमूर' नावाची कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी एकच गोष्ट) चालवत होता. हे सगळे मुळात युद्धखेळ खेळणारे. त्यात एक आकृती म्हणजे सैन्याची एक तुकडी, घाव बसला की उचलून बाजूला. पण एका माणसाला एकच आकृती दिली आणि तिला नाव दिलं, तेव्हा लोकांना एका फटक्यात मरणं सहन होईना. आर्नेसनने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की म्हणून त्याने जहाजांच्या लढाईच्या नियमांतून हिट पॉइंटची कल्पना उचलली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, तसा माणूसही एका घावात मरू नये. म्हणजे शीटवरचा तो एचपीचा चौकोन आहे ना, तोच मुळी पात्र मेल्यावर कुरकुरणाऱ्या पहिल्या खेळाडूंची आठवण आहे. तुझा विझार्डवाला मित्र पन्नास वर्षांच्या परंपरेत बसतो.

तरी सुरुवातीच्या काळात मरणं स्वस्तच होतं. सत्तरच्या दशकाअखेरच्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरला (आजचा विझार्ड) चार बाजूंचा एक फासा टाकून हिट पॉइंट मिळत. एक आला तर एक. विषाचा एक सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) हुकला की संपलं. गायगॅक्सने १९७५ मध्ये ओरिजिन्स नावाच्या मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी एक थडगं रचलं होतं, 'टूम ऑफ हॉरर्स', ते १९७८ मध्ये छापलं गेलं. त्यात भिंतीवर एका हिरव्या सैतानाचा जबडा वासलेला आहे, आत मिट्ट काळोख. त्यात जो शिरेल तो संपला. सेव्ह नाही, डेथ सेव्ह तर त्या काळी नव्हतेच. लोक शिरायचे! मागून दुसरा शिरायचा, पहिला कुठे गेला बघायला. आणि आजही ते थडगं खेळून आलेले लोक ही गोष्ट मिशीला पीळ देत सांगतात. मी एकदा वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारा खेळ, म्हणून चालवलं तेव्हा दोघं त्या जबड्यात गेले आणि टेबल हसून हसून लोळलं. त्यातला एक तोच होता, जो दोन वर्षांपूर्वी माझ्या लांबलेल्या कॅम्पेनमध्ये त्याचं ड्रुइड कॅरेक्टर गेल्यावर महिनाभर आला नव्हता.

माणूस तोच, मरण तेच, मग फरक कशाचा? खेळ सुरू होताना त्याला काय कबूल केलं होतं, याचा. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळात कॅरेक्टर बनवता बनवताच मरू शकायचं. नोकरीची चार वर्षं भरली की जगण्याचा रोल, हुकला की शीट फाड आणि नवी घे. १९८४ चा 'पॅरानोइया' प्रत्येकाला सहा क्लोन देतो, म्हणजे पाच वेळा मेलं तरी विनोदच. 'टेन कँडल्स' नावाचा २०१५ चा एक खेळ आहे, दहा मेणबत्त्यांच्या उजेडात खेळायचा. त्यात सगळे मरणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या पात्राचा निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा असतो. शेवटची मेणबत्ती विझली की अंधारात ते आवाज ऐकायचे. तिथे लोक रडतात, पण रुसत कुणी नाही.

तुझ्या टेबलावर काय कबूल झालं होतं? सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, मरणाबद्दल काही बोलला होतास का? मला वाटतं नसणार. कुणीच नवा डीएम बोलत नाही, लग्नाच्या बैठकीत पोटगी काढल्यासारखं वाटतं. पण न बोलल्याने काय होतं, तर टेबलावरचे पाच जण पाच वेगवेगळे खेळ खेळत असतात. तुझा विझार्ड बहुधा असा खेळ खेळत होता ज्यात नायक मरत नाही. आणि त्याला दोष देऊ नकोस, पाचव्या आवृत्तीत पहिली दोन लेव्हल पार पडली की खेळ स्वतःच तसं भासवतो.

भासवतो म्हणजे कसं? मरणावर औषध विकत मिळतं. तिसऱ्या पातळीचा मंत्र, रिव्हिव्हिफाय: मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, तीनशे गोल्डचे हिरे. पाचव्या पातळीचा रेझ डेड: दहा दिवसांच्या आत, पाचशे गोल्डचा हिरा. पुढे हजाराचा, त्याच्याही पुढे पंचवीस हजारांचा. यातून एक विचित्र गोष्ट होते, आणि ती नव्या डीएमना दिसत नाही. मरण ही खरेदीची बाब झाली की ते कुणाच्या तरी निष्काळजीपणाने होतं. 'हिरा कुणाकडे होता?' 'मागच्या शहरात घ्यायचा म्हटलं होतं ना?' 'तू हीलिंग वर्ड (जखम भरणारा मंत्र) टाकायचास तर गाइडिंग बोल्ट (माराचा मंत्र) का टाकलास?' मेलेला राहतो बाजूला आणि क्लेरिक चालवणारीची उलटतपासणी सुरू होते. माझ्या अनुभवात मेलेल्या खेळाडूइतकंच, कधी जास्तच, क्लेरिक चालवणाऱ्याला लागतं. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्याचं कॅरेक्टर जिवंत आहे. तुझ्या गटात हीलर कोण होतं? तिला किंवा त्यालाही एक फोन कर.

आणि तो दुसरा प्रकार, ज्याची मला मनापासून चीड आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. कॅरेक्टर अजून गार पडलेलं नाही, त्याचा खेळाडू समोर खुर्चीत बसलाय आणि बाकीचे, 'त्याचं क्लोक ऑफ प्रोटेक्शन मी घेतो हं.' त्यांना वाईट काहीच म्हणायचं नसतं, खेळात प्रत्येक मढ्याचे खिसे तपासायची सवय लागलेली असते. पण समोरच्याला ते कसं ऐकू येतं? आता माझ्या टेबलावर एकच कडक नियम आहे: सोबत्याच्या सामानाला त्या दिवशी हात लावायचा नाही. पुढच्या सेशनला, तो खेळाडू स्वतः वाटणी करेल. ठकसेनच्या वेळी हा नियम नव्हता. त्या बिचाऱ्याने स्वतःच वाटून टाकलं, म्हणून मला टोचलं नाही.

वाद घालणाऱ्यांचं बरं असतं. 'घूल पाच फुटांत होता का? दाखव ग्रिडवर.' असा खेळाडू तुला त्रास देईल, पण तो टेबलावर हजर असतो. नियम दाखव, शांतपणे मोज, एखादा बारकावा तुझा चुकला असेल तर मान्य कर. नियमपुस्तक उघडून भांडणारा माणूस परत येतो.

रडणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. कुणी रडलं तर चहाची सुट्टी घे, पाणी दे आणि 'अगं खेळच आहे' हे तीन शब्द तोंडातून काढू नकोस.

एक प्रतिक्रिया मात्र कुणी मोकळेपणाने बोलत नाही, ती म्हणजे सुटका. माझ्या एका मैत्रिणीची बार्ड, म्हणजे गाण्यांतून जादू करणारी, होती, दोन वर्षं चाललेली, सगळ्यांची लाडकी. नवव्या लेव्हलला मेली. गटाने जिवाचं रान केलं, पाचशे गोल्डचा हिरा मिळवायला एका सावकाराशी असला करार केला की मलाच घाम फुटला. आठव्या दिवशी क्लेरिकने रेझ डेड टाकला. नियमात लिहिलंय की आत्मा यायला राजी असला पाहिजे. मी तिच्याकडे बघितलं. ती बराच वेळ शीटवर पेन्सिलीने काहीतरी गिरवत राहिली आणि म्हणाली, 'नाही येत ती. सांगा की तिला तिकडे बरं वाटतंय.' टेबलावर शांतता. क्लेरिकवाला म्हणाला, 'अगं, पाचशे गोल्ड!' नंतर जिन्यात ती मला म्हणाली की सहा महिने तिला त्या बार्डचा कंटाळा आला होता, गाणी सुचत नव्हती, पण सगळ्यांना इतकी आवडायची की सोडायचं कसं. घूलने तिला बाहेरची वाट दाखवली असती तर तिने त्याला पेढे दिले असते.

म्हणून म्हणते, गप्प बसला म्हणजे चिडला असं धरून चालू नकोस. मोकळं वाटल्याची लाज वाटूनही माणसं गप्प बसतात.

आता तू विचारलेलं नाहीस पण तुझ्या मनात असणारच: स्क्रीनमागे (डीएमच्या फाशांपुढचा आडोसा) फासा बदलला असता तर? मी बदललाय. एका मुलीची पॅलाडिन आठ हिट पॉइंटवर होती, माझा नॅट ट्वेंटी (फाशावर थेट वीस, म्हणजे क्रिटिकल) पडला, मी 'चौदा' म्हणाले. मारामारी संपली, सगळे खूश. दोन महिन्यांनी असंच आणखी एकदा केलं आणि तेव्हा माझा चेहरा पडला असणार, कारण तिने सेशननंतर विचारलं, 'तो क्रिट होता ना?' मला खोटं बोलता आलं नाही. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, 'मग त्या ड्रॅगनच्या वेळी मी वाचले, ते पण तूच?' ड्रॅगनच्या वेळी ती खरोखर स्वतःच्या रोलवर वाचली होती, एका हिट पॉइंटवर, आणि ती गोष्ट ती ऑफिसात सगळ्यांना सांगायची. मी शपथेवर सांगितलं. तिला पटलं नाही, पटणार कसं? त्या दिवसापासून माझे फासे टेबलाच्या मधोमध पडतात, स्क्रीनमागे फक्त नकाशा झाकलेला असतो.

मोठ्या नावांच्या टेबलावरही तेच घडतं. 'क्रिटिकल रोल' या, लोक हाच खेळ खेळताना दाखवणाऱ्या वेब शोच्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये, २०१८ साली, सव्विसाव्या भागात टॅलिझिन जॅफीचा मॉलीमॉक मेला. तिथेही पात्र आधी खाली पडलं होतं आणि मग डीएम मॅथ्यू मर्सरच्या खलनायकाने पडलेल्यावरच वार केला. बघणाऱ्यांनी मर्सरला काय काय सुनावलं ते सोड. मला महत्त्वाचं वाटतं ते जॅफीने दोन भागांनंतर काय आणलं ते: कॅड्युसियस क्ले, एका विस्मृतीत गेलेल्या दफनभूमीची राखण करणारा, ग्रेव्ह डोमेनचा क्लेरिक. थडग्यांवर उगवलेल्या पानांचा चहा पाजणारा. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगणार नाही, पण ती शीट मी पुन्हा पुन्हा वाचलीये.

ती शीट वाचायला शिक. जुळा भाऊ घेऊन आला, तेच आकडे, तेच मंत्र, नावात एक अक्षर वेगळं, तर त्याचं आधीच्यासोबतचं काम संपलेलं नाही. हसू नकोस, आणि 'काहीतरी नवीन कर ना' असंही म्हणू नकोस. त्या भावाला आधीच्याचं राहिलेलं काम दे, दोन-तीन सेशनमध्ये तो आपोआप वेगळा माणूस होतो. विनोदी कॅरेक्टर आणलं, 'कोंबडीवाला बाबूराव', केळ्याच्या सालावरून घसरणारा, तर सावध राहा. पुन्हा जीव लावायचा नाही असं त्याने ठरवलंय. आणि अनाथ फायटर आला, एसी १९ सह, तर तो तुझ्यावर विश्वास ठेवत नाहीये. तुझ्यावर म्हणजे तुझ्या जगावर. तू त्याच्या आजीचं अपहरण करशील म्हणून त्याने आजीच ठेवली नाही.

ठकसेनवाल्याशी मी सुरुवातीला चुकीचं वागले. मला वाटलं मागे थांबतोय तर याला पुढे ओढावं, म्हणून सापळे मागच्या बाजूने यायला लागले. तो आणखी आक्रसला. शेवटी मी सोडून दिलं. मग एका सेशनला पार्टी त्याच पुलापाशी परत आली. मी काही ठरवलं नव्हतं, वाटेवरच होता. पूल गावकऱ्यांनी नव्याने बांधलेला, आणि कठड्यावर कुणीतरी छोटा चाकू कोरलेला. मी विचारलं, 'हा कुणी कोरला असेल?' बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, 'ठकसेनने उधारी ठेवली होती ना त्या सुताराकडे, त्याने.' पंधरा मिनिटं तोच बोलत होता. घरी जाताना त्याने शीट माझ्याकडे दिली, आम्ही शीट माझ्याकडेच ठेवतो. बॅकग्राउंडच्या चौकोनात 'अनाथ'च्या खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: एक बहीण आहे, पत्ता माहीत नाही. ठकसेन मेल्याला तेव्हा चार महिने झाले होते.

तू शनिवारी काय करायला हवं होतंस, ते पुढच्या वेळेसाठी सांगते. तिसरं अपयश पडलं की लढाई तिथेच थांबव, निदान दोन मिनिटं. इनिशिएटिव्हची (लढाईतल्या पाळ्यांच्या क्रमाची) पुढची टर्न लगेच पुकारायची नाही. त्याला विचार, 'शेवटचं काय दिसतं त्याला?' काही सुचलं नाही तर नाही. मग त्याला काम दे. उरलेले घूल त्याच्याच हातात दे, 'आता यांना तू चालव.' ज्याचा विझार्ड खाल्ला गेलाय तो घूल इतक्या आवडीने चालवतो की बाकीच्यांना पळता भुई थोडी होते. सव्वा तास फोन बघायला सोडलेला माणूस मात्र हुतूतूतल्या मेलेल्या गड्यासारखा रेषेबाहेर बसलेला असतो, आणि त्याला परत बोलावणारा तूच असतोस.

आता या आठवड्यात. ग्रुपवर काही लिहू नकोस, तिथे त्याला पुन्हा 'ठीक आहे' म्हणावं लागेल. त्याला एकट्याला फोन कर, मेसेज नको. माफी मागू नकोस, कारण घूल बरोबर होता, आणि चूक नसताना माफी मागितलीस तर पुढच्या मरणाला काय करशील? एवढंच म्हण: 'लढाईनंतर तुला नुसतं बसवून ठेवलं, ते माझं चुकलं. नवं कॅरेक्टर करायचं की याच्यासाठी काही वाट शोधायची? दोन्ही चालेल. बुधवारी चहाला ये, शीट घेऊन बसू.' आणि मग तो जे बोलेल ते ऐक, मध्ये नियम सांगू नकोस. नवं आणलं तर ते चौथ्याच लेव्हलला येऊ दे. पहिल्या लेव्हलपासून सुरू करायला लावणारे डीएम अजून आहेत, मला ती शिक्षा वाटते.

आणि एक काम त्याला फोन करायच्या आधी. विझार्ड होता, म्हणजे त्याचं स्पेलबुक, मंत्रांची वही, असणार. ते आत्ता कुणाकडे आहे? कुणी उचललं असेल तर त्यातलं एक पानही कॉपी करू देऊ नकोस. घूलच्या त्या खोलीतच राहिलं असेल तर तिथेच राहू दे, आणि बुधवारी चहा झाल्यावर त्याला विचार की त्याच्या शेवटच्या पानावर काय लिहिलं होतं.